ब्रिटनमधले जहागिरी वाडे आणि गुलामांचा व्यापार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लीड्समध्ये राहते. भारतातून कुणी पाहुणे आले की एक दिवस हेअरवुड हाऊससाठी राखून ठेवलेला असतो. झुंबरं, गालिचे, तळ्यापर्यंत उतरत गेलेली हिरवळ बघून मंडळी हरखून जातात. मग चहाच्या टेबलावर कुणीतरी विचारतंच, "एवढा पैसा यांच्याकडे आला कुठून?" गेली कित्येक वर्षं हा प्रश्न आणि त्याच्या पोटातले दहा प्रश्न मी ऐकते आहे. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

कंट्री हाऊस म्हणजे आपल्या वाड्यासारखंच ना?

थोडंफार. आपला वाडा गावात असतो, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून. कंट्री हाऊस एकटं उभं असतं. भोवती शेकडो, कधी हजारो एकर जमीन, तळं, हरणांचं कुरण, दूरवर कुळांची गावं. इनामदाराची गढी आणि तिच्याखालची जमीन एकत्र डोळ्यांसमोर आणलीत तर जास्त जवळ जाल.

अठराव्या शतकात जमीन हीच प्रतिष्ठा होती. जमीन असली की कुळांची मतं हातात, मतं असली की संसदेत जागा, आणि संसदेत जागा असली की कायदे आपल्या सोयीचे. त्यामुळे व्यापारात पैसा कमावलेला माणूस आधी जमीन घ्यायचा आणि तिच्यावर घर उठवायचा. साखरेत पैसा केलेल्याचा नातू उमराव म्हणून मिरवायचा आणि पैशाचं मूळ कुणी विचारेनासं व्हायचं. आपण विचारायचं ते इथेच.

गुलामांच्या व्यापाराशी या घरांचा संबंध नेमका कसला?

एकाच प्रकारचा नाही, आणि गोंधळ इथेच होतो. काही घरं गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांच्या मालकांनी बांधली किंवा विकत घेतली. काहींचे मालक कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांचे धनी होते, म्हणजे माणसंच त्यांच्या मालकीची होती. काहींनी मळेवाल्यांना कर्जं दिली आणि कर्ज थकल्यावर मळा माणसांसकट ताब्यात घेतला. काहींकडे लग्नात किंवा वारसाहक्काने असे मळे आले. काही जण सरकारी अधिकारी होते आणि त्यांचा पगार, दस्तुरी वसाहतींच्या महसुलातून यायची. शिवाय जहाजांना लागणारं पितळ, बंदुका, कापड बनवणारे कारखानदार होतेच.

ब्रिटिश जहाजांनी साधारण तीस लाखांहून जास्त आफ्रिकी माणसं अटलांटिकपार नेली. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा पैसा मोजक्या घराण्यांपुरता राहणं शक्यच नव्हतं. तो देशभर झिरपला, पण प्रत्येक भागात वेगळ्या वाटेने.

म्हणजे प्रदेशागणिक फरक आहे?

आहे, आणि माझ्या मते घर समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी. घर कुठल्या बंदराच्या ओढीत आहे हे बघितलं की त्याचा पैसा कुठल्या वाटेने आला असेल याचा अंदाज बांधता येतो.

ब्रिस्टल आणि त्याच्या आसपासचे ग्लॉस्टरशर, सॉमरसेट हे भाग आधीचे. १६९८ मध्ये आफ्रिकेशी व्यापाराचा एकाधिकार असलेल्या लंडनच्या रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी सुटली आणि ब्रिस्टलचे व्यापारी या धंद्यात थेट उतरले. १७३०च्या दशकात हे शहर त्यात सगळ्यात पुढे होतं. इथला पैसा प्रामुख्याने साखरेचा. बार्बाडोस आणि अँटिग्वामध्ये मळे असलेल्या कॉड्रिंग्टन घराण्याचं डॉडिंग्टन हे घर इथून जवळच.

पण ब्रिस्टलमध्ये मला घरांपेक्षा भिंती जास्त बोलक्या वाटतात. पश्चिम आफ्रिकेत माणसांच्या बदल्यात द्यायला पितळेची कडी लागत, त्यांना मनिला म्हणत. ती आणि भांडी घडवायला शहराच्या कडेने तांब्या-पितळेचे कारखाने उभे राहिले. तांबं गाळल्यावर उरणारा काळा मळ साच्यात ओतून त्याच्या विटा पाडत. त्या विटांचा आर्नोस कोर्टजवळ एक अख्खा 'ब्लॅक कॅसल' उभा आहे, विल्यम रीव्ह नावाच्या कारखानदाराने बांधलेला. वॉर्मलीला विल्यम चॅम्पियनच्या बागेत याच मळाचा नेपच्यूनचा प्रचंड पुतळा आहे. त्या विटेवर हात ठेवून बघा. काचेसारखी गुळगुळीत लागते, उन्हात किंचित जांभळट दिसते. ब्रिस्टलच्या कितीतरी साध्या कंपाउंडच्या भिंतींवर वरचा थर या विटांचा दिसतो. लोक रोज शेजारून जातात.

१७४०च्या दशकापासून लिव्हरपूल पुढे गेलं आणि मग शेवटपर्यंत पुढेच राहिलं. तिथून गुलामांसाठी पाच हजारांच्या आसपास फेऱ्या झाल्या. पैसा लँकेशर, चेशर आणि वर लेक डिस्ट्रिक्टपर्यंत पसरला. विंडरमियरच्या काठावरचं स्टॉर्स हॉल लिव्हरपूलच्या जॉन बोल्टनने घेतलं, तो गुलामांचा व्यापारी. स्पीक हॉल ही ट्यूडर काळातली लाकडी वास्तू. जमैकात श्रीमंत झालेल्या रिचर्ड वॉटने १७९५ मध्ये ती विकत घेतली. घर जुनं आणि पैसा नवा, असं इथे बरेचदा सापडतं. लँकेस्टर हे लहान बंदर, पण त्यानेही सुमारे २०० फेऱ्या केल्या, आणि तिथल्या गिलो कारखान्याचं महॉगनी फर्निचर देशभरच्या दिवाणखान्यांत गेलं.

स्कॉटलंडचं वळण आणखी वेगळं. ग्लासगोची श्रीमंती आधी व्हर्जिनियाच्या तंबाखूची, मग जमैकाच्या साखरेची. विल्यम कनिंगहॅम या तंबाखूवाल्याची हवेली आज शहराचं आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. शिवाय स्कॉटिश घरांतली धाकटी मुलं मळ्यांवर मुकादम, हिशेबनीस, डॉक्टर म्हणून मोठ्या संख्येने गेली आणि परत येऊन त्यांनी गावाकडे जमिनी घेतल्या.

वेल्स आणि यॉर्कशरबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, कारण तिथल्या पेन्रिन कॅसल आणि हेअरवुड या दोन घरांबद्दल मला जास्त विचारलं जातं.

हेअरवुडची गोष्ट काय?

आधी उच्चार. गावाचं नाव 'हेअरवुड', पण घराण्यातले लोक घराला 'हारवुड' म्हणत आले आहेत. दोन्ही चालतं.

इथलं लॅसल्स घराणं मूळचं यॉर्कशरचंच. हेन्री लॅसल्स तरुणपणी बार्बाडोसला गेला आणि १७१५ मध्ये ब्रिजटाऊन बंदराचा जकात अधिकारी झाला. बंदरातून जाणाऱ्या साखरेवरची जकात त्याच्या हातून जायची. पुढे तो लंडनमध्ये साखरेचा दलाल आणि मळेवाल्यांचा सावकार झाला, गुलामांच्या जहाजांतही त्याने पैसा घातला. त्या कमाईतून १७३०च्या दशकाच्या अखेरीस हेअरवुडची जमीन घेतली. त्याचा मुलगा एडविन याने १७५९ मध्ये आजच्या घराचा पाया घातला. वास्तुरचना जॉन कारची, आतली सजावट रॉबर्ट अॅडमची, फर्निचर टॉमस चिपेंडेलचं, आणि तळं-टेकड्यांची आखणी 'केपेबिलिटी' ब्राउनची. त्या काळात देशात पैशाने मिळणारे सगळ्यात नावाजलेले कारागीर एका घरावर राबले.

हे सगळं चालू असताना तिकडे कर्जं थकत होती. एडविनच्या हाती बार्बाडोस, जमैका, टोबॅगो, ग्रेनाडा इथले मळे येत गेले. म्हणजे सावकार हळूहळू गुलामांचा मालक झाला. आपल्याकडे गहाणखतावरून जमिनी कशा गेल्या हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना ही रीत लगेच कळेल. फरक एवढाच की इथे गहाणखतात माणसांचीही यादी असे.

१८०७ च्या निवडणुकीत यॉर्कशरमधून गुलामांच्या व्यापारविरोधी लढ्याचा नेता विल्यम विल्बरफोर्स आणि हेन्री लॅसल्स नावाचाच या घराण्याचा वारस असे दोघेही उभे होते, तिसरे लॉर्ड मिल्टन. दोन जागा होत्या. लॅसल्स दोनशेहून कमी मतांनी हरला. साखरेची बेटं आणि यॉर्कशरचे मतदार त्या एका निवडणुकीत समोरासमोर आले होते.

गुलामगिरी बंद झाल्यावर १८३५-३६ मध्ये हेअरवुडच्या दुसऱ्या अर्लला (अर्ल ही उमरावाची पदवी, ती तोवर या घराण्याकडे आली होती) १,२७७ माणसांच्या 'मालकी'पोटी २६,३०९ पौंड भरपाई मिळाली. बार्बाडोसमधले शेवटचे मळे घराण्याने विकले ते १९७५ मध्ये. ही तारीख सांगितली की पाहुणे हमखास गप्प होतात, कारण त्यातले बरेच त्याच्या आधी जन्मलेले असतात.

पेन्रिन कॅसलमध्ये एवढं काय वेगळं आहे?

उत्तर वेल्समध्ये बँगोरजवळ हा किल्ला आहे. दिसतो हजार वर्षं जुना, पण बांधलाय १८२० नंतर, टॉमस हॉपरने. आत एक टन वजनाचा पाटीच्या दगडाचा पलंग आहे, व्हिक्टोरिया राणीसाठी करवलेला.

पैशाचं मूळ जमैकात. रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा खासदार होता आणि जमैकातल्या क्लॅरेंडन भागातल्या साखरेच्या मळ्यांचा मालक. गुलामांचा व्यापार बंद करायच्या मागणीविरुद्ध संसदेत तो जोरात बोलायचा. मळ्यांचा कारभार वेल्समधून पत्रांनी चालायचा: किती गुरं घ्यायची, कुठल्या मुकादमाला काढायचं, आजारी माणसांकडून कुठलं काम घ्यायचं.

हाच पैसा त्याने बेथेस्डाच्या डोंगरात घातला. आधी कुळं आपापली थोडी पाटी काढत. त्याने खाण एका हाताखाली आणली, रस्ता केला, पोर्ट पेन्रिन हे बंदर बांधलं. जगभरातल्या छपरांवर वेल्सची पाटी गेली ती इथून. गादीवर आलेल्या जॉर्ज डॉकिन्स-पेनंटला ७६४ गुलामांपोटी १४,६८३ पौंड भरपाई मिळाली, त्याच काळात किल्ला पुरा झाला.

बेथेस्डाच्या लोकांना मात्र पेन्रिन म्हटलं की आधी आठवतो तो १९०० ते १९०३ चा संप. तीन वर्षं चालला. खाणकामगारांनी खिडक्यांत वेल्श भाषेत पाट्या लावल्या होत्या, 'या घरात कुणी फितूर नाही'. गावातली किती तरी माणसं आजही किल्ल्यात पाऊल टाकत नाहीत. त्यांच्या रागात आणि जमैकाच्या कहाणीत धागा एकच आहे: एकाच घराण्याने आधी मळ्यावर, मग खाणीवर माणसं राबवली. अर्थात खाणकामगाराला मजुरी मिळत होती, संप करता येत होता, आणि त्याची मुलं विकली जात नव्हती. हे दोन अनुभव एका तागडीत घालू नयेत. पण वेल्समधला पाटीचा उद्योग साखरेच्या पैशाने वाढला हे सांगितल्याशिवाय त्या डोंगराची गोष्ट पुरी होत नाही.

वेल्सचा आणखी एक दुवा कमी जणांना माहीत असतो. मध्य वेल्समधल्या घरांत विणलं जाणारं जाडंभरडं लोकरी कापड कॅरिबियन आणि अमेरिकेत गुलामांच्या अंगावर घालायला जायचं. उन्हाच्या बेटावर लोकरीचा टोचरा सदरा. विणणाऱ्या बायकाही गरिबीत पिचलेल्याच होत्या.

मळ्यावर नेमकं काय चालायचं?

आपल्याकडे ज्याने गुऱ्हाळ बघितलंय त्याला हे पटकन समजेल. तोडलेला ऊस लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो. त्यामुळे हंगामात चरक रात्रंदिवस फिरायचा. ऊस तोडायला आणि लागणीसाठी खड्डे काढायला टोळ्या होत्या, आणि शब्दही तोच, टोळी. पहिल्या टोळीत धडधाकट बायका-पुरुष, दुसरीत अर्धवट वयाची आणि नुकतीच बाळंत झालेली, तिसरीत गवत वेचणारी लहान मुलं. शेतातल्या टोळ्यांत बायका पुरुषांच्या बरोबरीने, बऱ्याच ठिकाणी जास्तच होत्या.

रात्री पेंगत चरकात ऊस घालताना हात अडकायचा. चरक थांबवायला वेळ लागायचा, म्हणून हात तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे. पुढे उकळीघरात कढयांची रांग, मोठ्या कढईतून लहान कढईत रस पळीने ओतत न्यायचा. अंगावर सांडलेला पाक चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळत नाही. शेवटी साखर मातीच्या शंकूंत भरून ठेवायची, खाली गळलेल्या मळीची रम.

जमैकासारख्या बेटांवर जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. मेलेल्यांच्या जागी नवी माणसं आणायला जहाजं चालू राहिली. लिव्हरपूलच्या गोदीत बांधलेल्या प्रत्येक नव्या जहाजामागे हे गणित होतं.

गुलामगिरी बंद झाल्यावर भरपाई कुणाला मिळाली?

मालकांना. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून पुन्हा सांगते: भरपाई गुलामांच्या मालकांना मिळाली. गुलाम केलेल्या माणसांना एक पैसा मिळाला नाही.

व्यापार १८०७ च्या कायद्याने बंद झाला, पण गुलामगिरी चालूच राहिली. १८३३ चा कायदा १ ऑगस्ट १८३४ पासून लागू झाला. तेव्हाही बहुतेक बेटांवर माणसांना 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मालकाकडे बिनपगारी राबावं लागलं, ते सुटलं १ ऑगस्ट १८३८ ला. मालकांसाठी सरकारने दोन कोटी पौंड काढले, त्या वेळच्या वार्षिक सरकारी खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के. त्यातले दीड कोटी नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस माँटेफिओरे यांनी उभारून दिलेल्या कर्जाचे. त्या कर्जाचा शेवटचा अंश सरकारने फेडला २०१५ मध्ये. म्हणजे मी इथे भरलेल्या करातूनही काही दमड्या त्यात गेल्या.

अर्ज करणाऱ्यांत उमराव होते तसे पाद्री, विधवा, निवृत्त कप्तानही होते. चार-दोन माणसांच्या 'मालकी'वर जगणाऱ्या बायका बाथ किंवा चेल्टनमच्या भाड्याच्या घरात राहत होत्या. म्हणून मी म्हणते की नुसती मोठी घरं बघून भागत नाही.

घर बघायला गेल्यावर काय बघावं?

दरवाज्यांचं आणि जिन्यांचं लाकूड. गडद लालसर महॉगनी दिसली की थांबा. १७२१ च्या कायद्याने वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली आणि जमैकाची महॉगनी इंग्लंडमध्ये येऊ लागली. ती तोडणारे हात गुलामांचे.

चित्रांच्या कडा. मधोमध उमराव किंवा बाई असते. कोपऱ्यात एखादं काळं मूल फळांचं तबक धरून, कधी गळ्यात चांदीची पट्टी. मुलाचं नाव पाटीवर बहुधा नसतं.

बाथजवळच्या डिरम पार्कमध्ये दोन लाकडी आकृत्या आहेत. गुडघे टेकलेले दोन आफ्रिकी पुरुष, साखळीने बांधलेले, डोक्यावर शिंपल्याच्या आकाराचं तबक. दिवा किंवा भांडं ठेवायचं आसन म्हणून केलेल्या. घराचा मालक विल्यम ब्लॅथवेट वसाहतींच्या महसुलाचा मोठा अधिकारी, आकृत्या त्याच्याकडे त्याचे काका टॉमस पोवी यांच्याकडून आल्या. मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा आधी लक्ष गेलं ते लाखेच्या चकाकीकडे, मग गळ्याकडे. तो क्रम मला अजून बोचतो. चेशरमधल्या डनहॅम मॅसीच्या अंगणातही अशीच एक गुडघे टेकलेली आकृती डोक्यावर सूर्यघड्याळ पेलत होती; जून २०२० मध्ये ती तिथून हलवली.

आणि कुंपणभिंती. डॉर्सेटमध्ये चारबरो हाऊसची लांबच लांब विटांची भिंत हमरस्त्याच्या कडेने मैलांवर जाते. ते ड्रॅक्स घराण्याचं. बार्बाडोसमध्ये १६४०च्या दशकात साखरेचा जम बसवणाऱ्यांत जेम्स ड्रॅक्स आघाडीवर होता, आणि तिथलं ड्रॅक्स हॉल आजही उभं आहे. एका आडनावाची दोन घरं, समुद्राच्या दोन काठांवर.

या घरांत आफ्रिकी माणसं राहत होती का?

होती. ब्रिस्टलजवळ हेनबरीच्या चर्चच्या आवारात सिपिओ आफ्रिकानस या तरुणाची कबर आहे. सफोकच्या अर्लचा नोकर, २१ डिसेंबर १७२० रोजी वारला, वय १८. कबरीच्या दगडावर काळ्या रंगाचे देवदूत आहेत. त्याला हे नाव देणाऱ्यांनी त्याचं खरं नाव कुठे लिहून ठेवलं नाही. जून २०२० मध्ये कुणीतरी हा दगड फोडला.

लँकेस्टरजवळ संडरलंड पॉइंटला, भरतीच्या वेळी रस्ता पाण्याखाली जाणाऱ्या जागी, १७३६ च्या सुमारास वारलेल्या एका आफ्रिकी मुलाची कबर आहे. लोक तिथे रंगवलेले दगड ठेवून जातात. ब्रिस्टलमध्ये जॉन पिनी या साखरवाल्याचं घर आता संग्रहालय आहे. त्याने नेव्हिस बेटावरून आणलेल्या पेरो जोन्स या गुलामाच्या नावाने बंदरावरचा पादचारी पूल १९९९ मध्ये उभा राहिला.

लंडनच्या केनवुडमध्ये डायडो एलिझाबेथ बेल वाढली. आई गुलाम आफ्रिकी स्त्री, वडील नौदलातले अधिकारी. वडिलांच्या मामाकडे, सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्याकडे, ती राहत होती. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेटच्या खटल्यात, गुलामाला जबरदस्तीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असा निकाल देणारे हेच न्यायाधीश. तिच्या स्वातंत्र्याचा उल्लेख त्यांनी मृत्युपत्रात मुद्दाम केला. घरात प्रेमाने वाढवलेल्या मुलीसाठीही ते लिहून ठेवावं लागलं.

मग सगळीच घरं या पैशाची का?

नाही, आणि असं सरसकट बोलू नये. कोळसा, लोकर, जुनी शेती, सरकारी कंत्राटं, वकिली यांवर उभी राहिलेली असंख्य घरं आहेत. एखाद्या घराण्यात गुलामांच्या मालकाची मुलगी सून म्हणून आली तर तिच्या हुंड्याने छत दुरुस्त झालं असेल, पण घर त्या पैशाने 'बांधलं' असं म्हणता येत नाही. पुरावा असेल तेवढंच बोलावं. खोट्या आरोपाने खऱ्या गोष्टीचंच नुकसान होतं.

उलट बाजूही सांगते. फार वर्षांपूर्वी एका घरात मी मार्गदर्शकाला विचारलं, पैसा कुठला? "व्यापारातला," एवढं म्हणून तो पुढच्या खोलीत गेला. कसला व्यापार, हे त्या घराच्या पुस्तिकेतही नव्हतं. आता बऱ्याच ठिकाणी असं राहिलेलं नाही.

२०२० मध्ये एवढा वाद कशामुळे झाला?

७ जून २०२० रोजी ब्रिस्टलमध्ये लोकांनी एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा पाडून बंदरात ढकलला. सप्टेंबरमध्ये, जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेने आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचे वसाहतवाद आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल काढला. त्यात ईस्ट इंडिया कंपनीतून आलेली घरंही होती, उदाहरणार्थ क्लाइव्ह घराण्याशी जोडलेला पाउइस कॅसल. वर्तमानपत्रांत आणि संसदेत आरडाओरडा झाला की ट्रस्ट देशाचा इतिहास बदनाम करतोय. चौकशी झाली, आणि २०२१ मध्ये धर्मादाय आयोगाने ट्रस्टने आपल्या कामाची चौकट ओलांडली नाही असं सांगितलं. मला त्या अहवालात बदनामी दिसली नाही. हिशेबाच्या वह्या कुणीतरी उघडून वाचल्या, एवढंच त्यात होतं.

आजचे वंशज काय म्हणतात?

वेगवेगळं. काही जण बोलतच नाहीत. हेअरवुडचे सध्याचे अर्ल डेव्हिड लॅसल्स अनेक वर्षं उघडपणे बोलत आले आहेत, आणि कॅरिबियन वारशाच्या माणसांची नवी चित्रं घरात लावायला त्यांनी सुरुवात केली. पहिलं चित्र लीड्सचा वेस्ट इंडियन कार्निव्हल सुरू करणाऱ्या आर्थर फ्रान्स यांचं. नॉर्थम्बरलंडमधल्या वॉलिंग्टन या घराशी जोडलेल्या ट्रेव्हेलियन घराण्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रेनाडाला जाऊन माफी मागितली. त्याच वर्षी ग्लॅडस्टन घराण्याने गयानात माफी मागितली.

यात आपला, भारताचा काही संबंध?

आहे, आणि ग्लॅडस्टन नावापासूनच सुरू करते. लिव्हरपूलचा जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यमचा बाप. डेमेरारामध्ये, म्हणजे आजच्या गयानात, त्याचे मळे होते, १८२३ चा गुलामांचा उठाव त्याच्याच 'सक्सेस' मळ्यावर सुरू झाला. त्याला भरपाई मिळाली एक लाख पौंडांच्या वर. स्कॉटलंडमधलं फास्क हे त्याचं घर. गुलाम सुटणार म्हटल्यावर त्याने कलकत्त्याहून मजूर मागवले. १८३८ मध्ये 'व्हिटबी' आणि 'हेस्पेरस' ही जहाजं सुमारे ४०० भारतीय घेऊन डेमेराराला पोचली. गिरमिटियांची, म्हणजे कराराने नेलेल्या भारतीय मजुरांची, कॅरिबियनमधली वाट तिथे सुरू झाली.

त्याआधीही दुवे होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात जो माल जायचा त्यात भारतीय सुती कापडाचा वाटा मोठा होता, आणि मालदीवच्या कवड्या बंगालमार्गे युरोपात जाऊन तिथून आफ्रिकेत चलन म्हणून जात. चेशरमधल्या क्वॉरी बँक गिरणीच्या ग्रेग घराण्याचा डॉमिनिका बेटावर मळा होता आणि गिरणीला अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लागत होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तो कापूस थांबला, आणि लँकेशरच्या गिरण्यांची नजर खानदेश-वऱ्हाडकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला ओसरला.

१८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातला मुलूख वगळला होता, भारतात गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली ती १८४३ मध्ये. आपल्या पेशवे दफ्तरातही कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या, त्यांना कोठारांत आणि पागांत कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. हेअरवुडमध्ये उभं राहून लॅसल्सना नावं ठेवणाऱ्या आपल्या मंडळींना मी ते सांगते. आणि नाशिकचं शरणपूरही सांगते: अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथल्या मिशनमध्ये शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनऱ्याच्या शवपेटीसोबत वेस्टमिन्स्टर अॅबेपर्यंत गेला.

एखाद्या घराबद्दल मला स्वतः शोधायचं असेल तर?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने भरपाईच्या सगळ्या दाव्यांची यादी केली आहे, २०१३ पासून ती कुणालाही फुकट बघता येते. घराचं नाव किंवा आडनाव टाका. दावा सापडला तर बेट, मळा, माणसांची संख्या आणि रक्कम दिसेल. दावा 'मालक' म्हणून आहे की 'विश्वस्त' किंवा 'सावकार' म्हणून, हे जरूर बघा. विश्वस्ताच्या खिशात पैसा गेलाच असं नसतं. दावा नसेल तर घर निर्दोष असं लगेच म्हणू नका, त्याआधीच मळा विकलेला असू शकतो. लॅसल्सांची कागदपत्रं यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत.

रकमेवर थांबू नका. भरपाईच्या आधी, साधारण १८१७ पासून, बेटांवर गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या, त्या आता लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. प्रत्येक ओळीत नाव, वय, जन्म आफ्रिकेत की बेटावर. बऱ्याच वह्यांत आधी पुरुषांची पानं, मग बायकांची. अक्षर तिरकं आणि दाट असतं, पहिलं पान लावायला तासभर जातो. मग सराव होतो आणि नावं वाचता येऊ लागतात.